स्टुडंट अफेअर्स ॲडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घ्यावी का?

मुक्ता_व्ही

सर्वांना नमस्कार.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात मी साहाय्यक म्हणून काम करते. पुण्यात मानसशास्त्रात बी.ए. झाल्यावर लग्न होऊन इकडे आले, पुढे एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी मिळाली आणि या कार्यालयात जागा मिळाली. ऑगस्टमध्ये भारत, नेपाळ, घाना अशा देशांतून मुले येतात, तेव्हा विमानतळावरून आणण्यापासून बँकेत खाते उघडून देईपर्यंतची सगळी कामे आमच्याकडे असतात. ऑक्टोबर उजाडला की हीच मुले वेगळ्या कारणांनी येऊ लागतात. कोणाचे रूममेटशी पटत नाही, कोणी पहिल्याच परीक्षेत नापास झालेला असतो आणि घरी सांगण्याचा धीर होत नाही, तर कोणाला फक्त आपल्या भाषेत चार शब्द बोलायचे असतात. हे काम मला मनापासून आवडते आणि यातच पुढे जावे अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी आहे की ॲडव्हायझर किंवा असिस्टंट डायरेक्टर या पदांच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत स्टुडंट अफेअर्स (विद्यार्थ्यांचे वर्गाबाहेरचे जीवन पाहणारे काम), हायर एज्युकेशन किंवा तत्सम विषयातील मास्टर्स पदवी मागितलेली असते. माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. नोकरी सोडून दुसऱ्या शहरात जायचे, पूर्णवेळ प्रवेश घ्यायचा आणि ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळते का ते पाहायचे. किंवा नोकरी चालू ठेवून हीच पदवी ऑनलाइन घ्यायची. मुलगी लहान असल्यामुळे दुसऱ्या मार्गाकडे मनाचा कल आहे, परंतु केवळ सोय पाहून निर्णय घ्यावा असे वाटत नाही. माणसांमध्ये राहून करायचे हे काम पडद्यासमोर बसून शिकता येते का, नोकरी देणारे या पदवीकडे कसे पाहतात आणि माझी तीन वर्षांची भारतीय पदवी प्रवेशाला चालेल का, हे या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे.

देवदार

मुक्ताताई, मी ओहायोमध्ये विद्यापीठाच्या रेसिडेन्स लाइफ, म्हणजे वसतिगृहांच्या विभागात आहे आणि निवड समित्यांवरही बसतो. माझी पदवी ऑनलाइन नाही, दोन वर्षे कॅम्पसवर राहून घेतलेली आहे. माझे मत त्या अनुभवातून आलेले आहे, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. नॅसेस या, परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या संघाच्या सदस्य संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावे आणि अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वीच प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारावे.

आता मुख्य मुद्दा. या क्षेत्राचा पाया ज्या विचारावर उभा आहे, तो अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने १९३७ मध्ये एका निवेदनातून मांडला आणि १९४९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. विद्यार्थ्याची केवळ बुद्धी नव्हे, तर त्याचे आरोग्य, मित्रसंबंध, पैशांची ओढाताण, श्रद्धा, व्यवसायाची निवड हे सगळे मिळून तो विद्यार्थी असतो आणि महाविद्यालयाने त्या पूर्ण माणसाची जबाबदारी घेतली पाहिजे, असा तो विचार आहे. त्याआधी १९१९ मध्ये मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मुलांच्या वसतिगृहांचे आणि शिस्तीचे काम पाहणारे काही डीन एकत्र जमले होते, त्यातूनच आजची नास्पा ही संघटना वाढली. एसीपीए ही दुसरी मोठी संघटना १९२४ सालची. हा इतिहास, चिकरिंग यांची विद्यार्थिविकासाची सात अंगे, मुले शिक्षण अर्धवट का सोडतात याविषयीची टिंटो यांची मांडणी, सहभागाविषयीची ॲस्टिन यांची मांडणी, या सर्व गोष्टी घरी बसून उत्तम शिकता येतात. त्यासाठी वर्गात बसलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही.

परंतु रात्री दोन वाजता ड्यूटीचा फोन वाजतो, तेव्हाचे काय? तिसऱ्या मजल्यावरचा एक पहिल्या वर्षाचा मुलगा पार्टीहून आलेला आहे, जिन्यात बसला आहे, हाक मारल्यावर नीट उत्तर देत नाही आणि त्याला आणणारे मित्र शिक्षेच्या भीतीने पळून जाण्याच्या बेतात आहेत. रेसिडंट असिस्टंट, म्हणजे वसतिगृहातील विद्यार्थी-साहाय्यक म्हणून काम करणारी मुलगी स्वतः जेमतेम वीस वर्षांची आहे आणि घाबरलेली आहे. अशा वेळी रुग्णवाहिका कोणी बोलवायची, त्या मुलाला कुशीवर कसे झोपवायचे, मित्रांना दरडावण्याऐवजी विश्वासात घेऊन त्याने काय आणि किती घेतले हे कसे काढून घ्यायचे, कॉरिडॉरमध्ये जमलेल्या बघ्यांना कसे पांगवायचे, हे सगळे पाच मिनिटांत ठरवावे लागते. त्यानंतर अहवाल लिहायचा असतो. त्यात ‘मुलगा दारू प्यायला होता’ असे लिहायचे नसते. ‘तोंडाला मद्याचा वास येत होता, बोलणे अडखळत होते, डोळे लाल होते, दोन वेळा उठण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तोल गेला’ असे लिहायचे असते, कारण पाहिले ते आपले आणि निष्कर्ष सुनावणी घेणाऱ्याचा. माझ्या पहिल्या अहवालावर माझ्या पर्यवेक्षकांनी लाल पेनने जवळजवळ प्रत्येक विशेषण खोडले होते, आणि त्या कागदाने मला जे शिकवले ते कोणत्याही पाठात नव्हते.

कॅम्पसवरील पदवीत असिस्टंटशिप असते. आठवड्याला साधारण वीस तास काम, त्याबदल्यात शुल्कमाफी आणि मासिक मानधन, आणि डोक्यावर अनुभवी माणसाचा हात. ऑनलाइन विद्यार्थ्याला ही असिस्टंटशिप बहुधा मिळत नाही. निवड समितीत आम्ही पदवी ऑनलाइन आहे का, हे विचारत नाही. बहुतेक विद्यापीठांच्या पदवीपत्रावर तसा शेराही नसतो. पण ‘एखाद्या अवघड प्रसंगात तुम्ही काय केलेत’ हे आम्ही पहिल्या फेरीतच विचारतो, आणि तेव्हा ज्याने असे काम केलेले नाही तो थांबतो.

सायली_ह्यूस्टन

देवदार यांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यावरून त्यांनी काढलेला रोख मला पटत नाही. मी एका कम्युनिटी कॉलेजमध्ये ॲकॅडेमिक ॲडव्हायझर असताना हीच पदवी ऑनलाइन पूर्ण केली. मुक्ताताई आज जिथे आहेत, तिथेच मी होते.

असिस्टंटशिपचे सर्वांत मोठे देणे म्हणजे विद्यार्थ्यांमध्ये रोज काम करण्याची संधी. ज्यांच्याकडे ती संधी नोकरीमुळे आधीच आहे, त्यांनी ती सोडून अर्ध्या पगारात तीच पुन्हा मिळवायला दुसऱ्या शहरात का जावे? माझ्या तुकडीत बावीस वर्षांचे कोणीच नव्हते. एकीच्या हाताखाली रजिस्ट्रारचे कार्यालय होते, एक जण सैन्यातून परतलेल्या विद्यार्थ्यांचे काम पाहत होता, एक जण ग्रामीण भागातील मूळ अमेरिकन आदिवासींच्या महाविद्यालयात नोकरीला होती. सिद्धांत वाचून झाला की त्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या कार्यालयात घडलेला प्रसंग नावगाव काढून लिहायचा आणि इतरांनी त्यावर लेखी चर्चा करायची, अशी आमच्या प्राध्यापकांची पद्धत होती. तोंडी चर्चेत जे बोलके असतात तेच बोलतात. लेखी चर्चेत प्रत्येकाला बोलावे लागते आणि विचार करून बोलावे लागते, हा लाभ मला फार मोठा वाटला.

कायद्याचा विषय तर मी नोकरीत असल्यामुळेच नीट समजला. १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क, तो महाविद्यालयात दाखल झाला की, पालकांकडून त्याच्याकडे जातो. एका सकाळी एका आईचा नाशिकहून फोन आला. मुलगा तीन दिवस फोन उचलत नाही, त्याचे गुण कसे आहेत, तो वर्गात येतो का, हे त्यांना हवे होते, आणि मी मराठी आहे हे कळल्यावर तर त्या रडूच लागल्या. गुणांविषयी एक अक्षरही मी सांगू शकत नव्हते. पालकांच्या अमेरिकन करविवरणात विद्यार्थी अवलंबित म्हणून दाखवलेला असेल तर कॉलेजला माहिती देण्याची मुभा असते, पण भारतात राहणाऱ्या पालकांना ती वाट सहसा उपलब्ध नसते. जिवाला धोका असल्याची रास्त शंका असेल तर अपवाद आहे. मग मी काय केले? त्यांचे सगळे ऐकून घेतले, काही सांगण्याला बंधन असले तरी ऐकण्याला नाही हे त्याच आठवड्यात शिकले होते. मुलगा कुठे राहतो, शेवटचे कधी बोलणे झाले, हे विचारून घेतले, आमच्या स्टुडंट केअर पथकाला कळवले आणि त्यांच्यापैकी दोघे जण त्याच्या दारावर जाऊन आले. फोन पाण्यात पडला होता. त्याला त्यांनी एवढेच सांगितले की घरी काळजी करताहेत, आमच्या फोनवरून आत्ता बोल. हा प्रसंग मी त्या आठवड्याच्या चर्चेत लिहिला, तेव्हा प्राध्यापकांनी विचारले की पालकांशी बोलताना तुम्ही ‘तो आमचा विद्यार्थी आहे’ हे तरी मान्य केलेत का, आणि कॉलेजच्या धोरणानुसार ते करता येत होते का. त्या एका प्रश्नावर आमची आठवडाभर चर्चा चालली.

मुक्ता_व्ही

दोघांचेही मनापासून आभार. सायलीताई, नाशिकच्या आईंचा प्रसंग वाचताना मला आमच्या कार्यालयातील फोनच आठवले. एक शंका आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात प्रॅक्टिकम (पर्यवेक्षणाखालचे प्रत्यक्ष काम) किंवा इंटर्नशिपचा उल्लेख असतो, पण ती कुठे, कोणाच्या हाताखाली करायची याविषयी ‘विद्यार्थ्याने स्वतः व्यवस्था करावी’ एवढेच लिहिलेले असते. मी माझ्याच कार्यालयात ती करावी का?

सायली_ह्यूस्टन

शक्यतो करू नये, हे मी अनुभवाने सांगते. कौन्सिल फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ स्टँडर्ड्स, म्हणजे कास, ही संस्था १९७९ पासून या क्षेत्राची मानके ठरवते. मास्टर्स अभ्यासक्रमासाठी किमान ३०० तासांचे पर्यवेक्षित प्रत्यक्ष काम, तेही किमान दोन वेगळ्या ठिकाणी, असे तिचे मानक आहे. कास मान्यता देत नाही, फक्त मानके देते, त्यामुळे एखादा अभ्यासक्रम ही मानके पाळतो की नाही, हे आपणच विचारायचे असते.

मी एक इंटर्नशिप आमच्याच कॉलेजच्या अपंग विद्यार्थी सेवा कार्यालयात संध्याकाळी केली आणि दुसरी शेजारच्या विद्यापीठाच्या डीन ऑफ स्टुडंट्स कार्यालयात, माझ्या वार्षिक रजेचे दिवस वापरून. पहिल्या ठिकाणच्या पर्यवेक्षक बाई दर गुरुवारी एक तास माझ्यासाठी राखून ठेवत. त्या तासात त्या कामाचा आढावा घेत नसत. एखाद्या विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव वेळ देण्याचा निर्णय मी का घेतला, तो नाकारला असता तर त्याला काय वाटले असते, आणि नाकारण्याची वेळ आली तर मी कोणत्या शब्दांत नाकारेन, हे विचारत. माझी पदवी खऱ्या अर्थाने तिथे झाली असे मी मानते. दुसऱ्या ठिकाणी मात्र पर्यवेक्षक कामाच्या गर्दीत असत आणि मी बहुतेक वेळ फायली लावल्या. तासांच्या नोंदीत दोन्ही इंटर्नशिप सारख्याच दिसतात.

म्हणून अभ्यासक्रम निवडण्याआधी पर्यवेक्षक शोधा. तुमच्याच विद्यापीठात, पण दुसऱ्या कार्यालयात, मास्टर्स झालेला आणि शिकवण्याची आवड असलेला माणूस गाठा. तो तयार झाला की मग ऑनलाइन अभ्यासक्रम कोणता, हा प्रश्न बराच सोपा होतो.

देवदार

हे मला पूर्ण पटले आणि माझा मूळ आक्षेपही यानेच बराचसा मिटतो. माझी भीती ऑनलाइन शिकवण्याविषयी नव्हती, एकट्याने शिकण्याविषयी होती.

शिस्तपालनाच्या कार्यालयात इंटर्नशिप मिळाली तर अवश्य घ्यावी, असे सुचवतो. १९६० च्या फेब्रुवारीत अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी माँटगोमेरीच्या न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात वंशभेदाविरुद्ध धरणे धरले, म्हणून त्यांतील काहींना कोणतीही सुनावणी न घेता काढून टाकण्यात आले. १९६१ मध्ये डिक्सन खटल्यात अपील न्यायालयाने निर्णय दिला की सार्वजनिक महाविद्यालयाला विद्यार्थ्याला काढण्यापूर्वी आरोपांची सूचना आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागेल. कॉलेज हे आईवडिलांच्या जागी आहे आणि म्हणून वाटेल ते करू शकते, ही समजूत तिथून मोडत गेली. आज आपण विद्यार्थ्याला जे पत्र पाठवतो, त्यातील ‘आपल्यावरील आरोप पुढीलप्रमाणे आहेत’ हे वाक्य त्या मुलांनी मिळवलेले आहे. ते पत्र एकदा स्वतः लिहून, सुनावणीत बसून पाहिले की त्याची किंमत समजते.

अनघ_बी

मी सध्या नागपूरमध्ये अंतिम वर्षात आहे. ऑनलाइन प्रवेश घेऊन एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत येता येईल का? शुल्क कमी दिसते म्हणून विचारतो.

देवदार

नाही. एफ-१ विद्यार्थ्याला पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात एकच, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंतचा, ऑनलाइन विषय मोजता येतो. पूर्ण ऑनलाइन पदवीवर व्हिसा मिळत नाही. या विषयात यायचेच असेल तर कॅम्पसवरील अभ्यासक्रम आणि असिस्टंटशिप हाच तुमचा मार्ग आहे. हा विषय स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत येत नसल्यामुळे पदवीनंतर ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी) बारा महिन्यांचीच असते, हे आधी लक्षात घ्या. विद्यापीठे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेत येत नाहीत, ही त्यातील जमेची बाजू आहे, पण प्रत्येक विद्यापीठ अशा पदांसाठी प्रायोजक होतेच असे नाही.

गोदाकाठ

धागा अतिशय आस्थेने वाचतो आहे. मी नाशिक जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि त्याचबरोबर विद्यार्थी विकास अधिकारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे आणि आमच्या विद्यापीठात महाविद्यालय स्तरावर एका प्राध्यापकाकडे हे काम दिलेले असते. कमवा व शिका योजनेत मुलांनी किती तास काम केले याची नोंदवही, निर्भय कन्या अभियानाची शिबिरे, २००९ च्या यूजीसी नियमांनुसार रॅगिंगविरोधी समिती, २०२३ च्या नियमांनुसार तक्रार निवारण समिती, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषासाठी या सगळ्यांचे पुरावे, असे हे काम आहे. तासिका संपल्यावर ते करायचे असते आणि त्यासाठी मला एकदोन कार्यशाळांपलीकडे कोणतेही शिक्षण मिळालेले नाही.

देवदार यांनी १९१९ सालचा उल्लेख केला. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे केले. मुले स्वतः राबून शिकत. त्याही आधी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली होती. विद्यार्थी वर्गाबाहेर कसा राहतो, कोणाबरोबर जेवतो, यावर त्याचे शिक्षण अवलंबून आहे, हे आपल्याकडे फार लवकर ओळखले गेले होते. त्या विचारातून या कामाचे शास्त्र, त्याची पदवी, त्याची स्वतंत्र पदे उभी राहिली नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते. परवा एक मुलगी माझ्याकडे आली. वडील वारले होते, शेतीवर कर्ज होते आणि ती शिक्षण सोडण्याचे सांगायला आली होती. मी तिला कमवा व शिकामध्ये घेतले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दिला. पण तिच्याशी काय बोलावे हे मला समजत नव्हते.

अशी पदवी मी इथे बसून ऑनलाइन घेतली तर त्याचा उपयोग होईल का?

सायली_ह्यूस्टन

सर, तुम्ही लिहिलेला प्रसंग वाचून वाटले की या क्षेत्राची खरी गरज तिथेच आहे.

पण पूर्ण पदवी अमेरिकेतून घ्यावी असे मी सुचवणार नाही. जवळपास अर्धा अभ्यासक्रम अमेरिकेच्या कायद्याचा, अर्थसाहाय्याचा आणि प्रशासनाचा आहे. लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा टायटल नाइन किंवा कॅम्पसवरील गुन्ह्यांची माहिती उघड करायला लावणारा १९९० चा क्लेरी कायदा तुमच्या मुलींच्या कामी येणार नाही. अनेक अभ्यासक्रम भारतातील महाविद्यालयातील प्रॅक्टिकम मान्य करत नाहीत. थेट वर्ग अमेरिकेच्या पूर्वेकडील वेळेनुसार संध्याकाळी सहाला असेल तर तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. शुल्क डॉलरमध्ये असते. शिवाय परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीने २०२५ मध्ये नवे नियम केले आहेत. बढतीसाठी पदवी मोजली जावी अशी अपेक्षा असेल तर ऑनलाइन पदवी त्यात बसते का, हे लेखी विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

त्याऐवजी एसीपीए आणि नास्पा यांनी मिळून २०१५ मध्ये सुधारलेला व्यावसायिक क्षमतांचा दस्तऐवज उतरवून घ्या. तो विनामूल्य आहे. त्यात दहा क्षेत्रे आणि प्रत्येकाच्या पायऱ्या दिल्या आहेत. सल्ला आणि आधार देण्याविषयीचा भाग तुम्ही आजपासून वापरू शकता. श्लॉसबर्ग यांची स्थित्यंतराविषयीची मांडणी त्या मुलीच्या बाबतीत फार उपयोगी पडेल. परिस्थिती, ती व्यक्ती स्वतः, तिला असलेला आधार आणि तिची तोंड देण्याची रीत, या चार बाजूंनी विचारत गेले की काय बोलावे ते सुचते. ‘घरी आता निर्णय कोण घेतो’ हा प्रश्न त्यातूनच निघतो, आणि अशा मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा खरी अडचण त्या उत्तरातच असते.

गोदाकाठ

हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. काका घेतात. उद्या त्यांना महाविद्यालयात बोलावतो.

हिशेबवही

मी एका खासगी, ना-नफा विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात आहे. पैशांची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

मुक्ताताई, तुम्ही विद्यापीठाच्या कर्मचारी आहात, तेव्हा आधी मनुष्यबळ विभागाकडून शुल्कसवलतीचे नियम घ्या. सवलत फक्त स्वतःच्या विद्यापीठातील अभ्यासक्रमाला आहे, की राज्यातील भगिनी विद्यापीठांनाही लागू आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. नोकरी देणाऱ्याने भरलेले शिक्षणशुल्क वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. पदव्युत्तर शिक्षणाची त्यावरील सवलत साधारणपणे उत्पन्नात धरली जाते आणि पगारातून कर कापला जातो. अनेक कर्मचाऱ्यांना हे डिसेंबरच्या पगारपत्रकात प्रथम दिसते. म्हणून वर्षाला किती क्रेडिट घ्यायची, हे या मर्यादेकडे पाहून ठरवणे शहाणपणाचे असते. हे अभ्यासक्रम साधारण ३६ ते ४२ क्रेडिटचे असतात, त्यामुळे ते तीन वर्षांत पसरणे सहज शक्य आहे.

एच-४ वर अमेरिकेच्या केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या वाचकांसाठी सांगतो, की १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचे सरकारी कर्ज बंद होते आणि अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी वर्षाला २०,५०० डॉलर व एकूण १,००,००० डॉलर अशी मर्यादा लागू होते. पण एवढे कर्ज काढून या क्षेत्रात येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे पगार पदवीच्या मानाने कमी आहेत.

अभ्यासक्रम देणारी संस्था शिक्षण विभागाने मान्य केलेल्या मान्यता संस्थेकडून, तुमच्या भागात बहुधा हायर लर्निंग कमिशनकडून, मान्यताप्राप्त असली पाहिजे. संस्था दुसऱ्या राज्यात असेल तर ती सारा या, दुसऱ्या राज्यांतील विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवण्यासाठीच्या राज्यांमधील करारात आहे का ते पाहा. कॅलिफोर्निया या करारात नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी वेगळी चौकशी करावी. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेसारख्या काही सार्वजनिक विद्यापीठांत स्टुडंट अफेअर्स ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी कॅम्पसवर आणि ऑनलाइन अशी दोन्ही प्रकारे दिली जाते. तोच विभाग दोन्हीकडे शिकवत असेल तर मला त्यात अधिक भरवसा वाटतो.

आणि ज्यांना समुपदेशक म्हणून परवाना हवा आहे, त्यांनी ही पदवी घेऊ नये. त्यासाठी समुपदेशनाचा वेगळा अभ्यासक्रम लागतो, आणि तो शक्यतो केकरेप या, समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेला असावा.

सायली_ह्यूस्टन

हिशेबवही यांनी पगाराचा विषय काढला, त्यात नोकऱ्यांचीही भर घालते. टेक्सासमध्ये एसबी १७ कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि सार्वजनिक विद्यापीठांतील वैविध्य व समावेशनाची कार्यालये बंद झाली. माझ्या ओळखीच्या काही चांगल्या माणसांची पदे गेली. ज्या मुलांना तिथे बसायला जागा होती, ती मुले अजून कॅम्पसवर आहेत आणि ॲडव्हायझिंगच्या खिडकीशी येतात. या कामाला तुमच्यासारखी माणसे हवी आहेत, पण आपल्या राज्यातील कायदे पाहूनच कोणत्या कार्यालयात अनुभव घ्यायचा ते ठरवा.

मुक्ता_व्ही

या धाग्याने माझा गोंधळ बराच कमी केला. आज मी तीन गोष्टी केल्या. मनुष्यबळ विभागाकडे सवलतीच्या नियमांची प्रत मागितली. आमच्याच डीन ऑफ स्टुडंट्स कार्यालयातील एका वरिष्ठ बाईंना भेटले आणि त्यांनी, आठवड्याला एक तास देता येत असेल तरच मी पर्यवेक्षक होईन, असे स्वतःहून सांगितले. आणि दोन ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या समन्वयकांना ईमेलने विचारले की कासची मानके पाळता का, प्रॅक्टिकमच्या पर्यवेक्षकाशी तुमचे प्राध्यापक सत्रात किती वेळा बोलतात, आणि तीन वर्षांची पदवी चालते का. एकांचे उत्तर तासाभरात आले, पण त्यात फक्त माहितीपत्रक जोडलेले होते. दुसऱ्या प्राध्यापक बाईंनी दूरध्वनीची वेळ दिली आहे.

प्रवेश निश्चित होईपर्यंत एखादा विषय नॉन-डिग्री विद्यार्थिनी म्हणून घेऊन पाहावा असा विचार आहे. कोणता घ्यावा?

देवदार

विद्यार्थिविकासाच्या सिद्धांतांचा घ्या. कायदा आणि अर्थकारण हे विषय नोकरीत राहून पुढेही समजतात, पण पर्यवेक्षकांच्या त्या एका तासात बोलण्यासाठी लागणारी भाषा सिद्धांतांच्या विषयात मिळते. मात्र नोंदणीपूर्वी दोन गोष्टी विचारा. नॉन-डिग्री म्हणून घेतलेली किती क्रेडिट पुढे पदवीत धरली जातात, आणि किती श्रेणी मिळाली तर धरली जातात. अनेक ठिकाणी बी श्रेणीची अट असते. कर्मचारी सवलत नॉन-डिग्री विषयाला लागू आहे का, हे मनुष्यबळ विभागाला वेगळे विचारावे लागेल, कारण काही विद्यापीठांत ती फक्त प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच मिळते.